पंचतंत्रातलं मुंगूस वेल्समध्ये कसं पोचलं?

ब्राह्मणीच्या मुंगसाची गोष्ट मराठी घरात नव्याने सांगावी लागत नाही. पाळण्यात बाळ झोपलेलं, आई पाण्याला गेलेली, घरात राखणीला पाळीव मुंगूस. साप निघतो, मुंगूस त्याचे तुकडे करतं आणि आईची चाहूल लागताच रक्ताळलेल्या तोंडानिशी दाराकडे धावतं. आईला वाटतं, यानेच बाळाला खाल्लं. भरलेला घडा ती त्याच्या अंगावर टाकते. आत जाऊन बघते तर बाळ सुखरूप झोपलेलं आणि शेजारी मेलेला साप.

आता इथून हजारो किलोमीटर दूर, ब्रिटन बेटाच्या पश्चिमेला असलेल्या वेल्समध्ये चला. तिथल्या डोंगराळ वायव्य भागात बेदगेलर्ट नावाचं छोटं गाव आहे. गावाबाहेर नदीकाठच्या कुरणात, झाडांच्या सावलीत, कुंपण घातलेलं एक थडगं आहे. तिथे कोरलेल्या मजकुरात हीच गोष्ट आहे. फक्त मुंगसाच्या जागी शिकारी कुत्रा आला आहे, सापाच्या जागी लांडगा आणि ब्राह्मणीच्या जागी एक राजा. शिवाय हे सगळं तेराव्या शतकात इथेच घडलं, असा ठाम दावा आहे.

पंचतंत्र तर त्याहून कित्येक शतकं जुनं. मग ही गोष्ट तिथे गेली कशी, आणि गेल्यावर तिला थडगं कसं मिळालं? हा उलगडा करताना एका खेड्याचा सगळा इतिहास हाती लागतो.

दोन नद्यांमधलं गाव

बेदगेलर्टची वस्ती पाचशेच्या आतबाहेर. ग्लासलिन आणि कोलविन या दोन नद्या गावातच एकमेकींना मिळतात. संगमाजवळ दगडी पूल, करड्या दगडाची घरं, त्यांवर पाटीच्या दगडाची छपरं. बाजूलाच वेल्सचा सर्वांत उंच डोंगर उभा आहे: १०८५ मीटर उंचीचा स्नोडन, वेल्श भाषेत 'अर् विद्वा'. हा सारा मुलूख म्हणजे एरारी. इंग्रजीत त्याला स्नोडोनिया म्हणत आणि १९५१ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे.

गाव नेमकं इथेच का वसलं, याचं उत्तर जमिनीत आहे. इथले खडक सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी आणि समुद्रतळाच्या गाळाने घडवले. पुढे हिमयुगात हिमनद्यांनी ते खरवडून खोल, रुंद तळाची खोरी केली. अशा प्रदेशात सपाट जमीन मिळते ती खोऱ्याच्या तळाशी आणि रस्ताही तिथूनच जातो. बेदगेलर्टला तीन बाजूंच्या वाटा एकत्र येतात: वायव्येच्या कायर्नार्वनकडून, ईशान्येच्या ग्विनांत खोऱ्यातून आणि दक्षिणेच्या समुद्राकडून. तीन वाटांचा नाका, दोन नद्यांचं पाणी आणि थोडी सपाट जमीन एवढं मिळालं की गाव वसतंच.

समुद्र मात्र पूर्वी आजच्यापेक्षा बराच जवळ होता. गावाच्या दक्षिणेला ग्लासलिन नदी एका अरुंद खिंडीतून बाहेर पडते. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत भरतीचं पाणी त्या खिंडीच्या तोंडाशी असलेल्या पुलापर्यंत येत असे. १८११ मध्ये विल्यम मॅडॉक्स या जमीनदाराने खाडीच्या तोंडावर सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बांध पुरा केला. 'कॉब' नावाचा तो बांध आजही वापरात आहे. खाडीची जमीन झाली आणि समुद्र मागे हटला.

थडग्याच्या आधी मठ

मध्ययुगात या गावाची ओळख होती ती मठामुळे. ख्रिस्ती धर्मसेवकांची वस्ती इथे फार जुनी. तेराव्या शतकात ती ऑगस्टिनियन पंथाचा मठ म्हणून नांदत होती. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८२-८३ मध्ये हा प्रदेश जिंकला. त्याच सुमारास मठाला आग लागली आणि दुरुस्तीसाठी राजाने मदत केली. १५३० च्या दशकात आठव्या हेन्रीने देशभरचे मठ बंद केले, तेव्हा हाही बंद झाला. मठाच्या देवळाचा काही भाग आजच्या सेंट मेरी चर्चमध्ये टिकून आहे. पूर्वेच्या भिंतीतल्या उंच, निमुळत्या तीन खिडक्या त्याच काळातल्या.

गावाचं नावही त्याच धार्मिक परंपरेकडे बोट दाखवतं. वेल्शमध्ये 'बेद' म्हणजे थडगं. म्हणजे गाव कुणातरी गेलर्टच्या थडग्याचं. पण तेराव्या शतकातल्या कागदपत्रांत ते 'बेकेलर्ट', 'बेदकेलर्ट' असं लिहिलेलं सापडतं. त्यावरून अभ्यासकांचा कौल असा, की केलर्ट हा आरंभीच्या काळातला एखादा साधुपुरुष असावा. त्याच्याविषयीची माहिती कधीच पुसली गेली आणि मागे उरलं ते नुसतं नाव. नाव थडग्याचं आणि थडगं कुणाचं ते ठाऊक नाही, अशी रिकामी जागा गावात शेकडो वर्षं तशीच राहिली. पुढच्या कहाणीत तिचाच उपयोग झाला.

लेवेलिनचा कुत्रा

आज गावात सांगतात ती गोष्ट अशी. उत्तर वेल्सचा राजा लेवेलिन याच्याकडे गेलर्ट नावाचा जातिवंत शिकारी कुत्रा होता. इंग्लंडच्या राजा जॉनने तो भेट दिलेला. एक दिवस शिकारीच्या वेळी गेलर्ट बरोबर आला नाही. राजा परतला तेव्हा रक्ताने माखलेला कुत्रा शेपूट हलवत सामोरा आला. आत पाळणा उलटा पडलेला, अंथरूण रक्ताळलेलं. राजाने तलवार उपसली आणि कुत्र्याच्या कुशीत खुपसली. त्याच्या शेवटच्या विव्हळण्यापाठोपाठ बाळाचं रडणं ऐकू आलं. पाळण्याखाली बाळ धडधाकट होतं आणि शेजारी अजस्र लांडगा मरून पडला होता. त्यानंतर राजा म्हणे कधी हसला नाही.

यातला राजा खरा आहे. 'थोरला' म्हणून ओळखला जाणारा लेवेलिन १२४० मध्ये वारला. आपल्या काळातला तो वेल्सचा सर्वांत बलाढ्य राज्यकर्ता होता. १२०५ मध्ये त्याचं राजा जॉनच्या मुलीशी, जोनशी, लग्न झालं. त्यामुळे सासऱ्याने जावयाला कुत्रा दिला, हे ऐकायला अगदी पटतं. दंतकथा अशाच तयार होतात: दोन खरे धागे आणि मधे एक हवा तसा विणलेला.

पहिला टप्पा: मुंगसाचा कुत्रा होतो

गोष्ट एका देशातून दुसऱ्या देशात जाते ती विरजणासारखी. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं, तरी दही आपल्या घरच्या दुधाचंच लागतं. गोष्टीतली माणसं, जनावरं, हत्यारं हे स्थानिक दूध. घटनांचा क्रम हे विरजण.

मुंगसाच्या गोष्टीतलं विरजण तपासू. राखणीला ठेवलेलं जनावर, पाळण्यातलं बाळ, हल्लेखोर प्राणी, चुकीचा अर्थ लावला गेलेलं रक्त, घाईने दिलेला मृत्युदंड आणि उशिरा कळलेलं सत्य. या सहा गोष्टी याच क्रमाने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणं अवघड. जगभरच्या लोककथांच्या वर्गीकरणात या कथेला स्वतःचा क्रमांकच आहे: १७८-अ.

तिच्या प्रवासाचे मुक्काम कागदावर सापडतात. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचं नाव 'अपरीक्षितकारक', म्हणजे नीट न तपासता केलेलं काम. मुंगसाची कथा त्यात आहे. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान याच्या दरबारातला वैद्य बुर्झोए याने पंचतंत्राचं पहलवी भाषेत रूपांतर केलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ते अरबीत नेलं. त्या ग्रंथाचं नाव 'कलीला व दिम्ना', म्हणजे आपलेच करटक आणि दमनक. अरबीतून हिब्रूत आणि हिब्रूतून तेराव्या शतकात कापुआच्या जॉनने ते लॅटिनमध्ये आणलं. लॅटिन ही तेव्हा युरोपभरच्या शिकलेल्यांची भाषा. तिथून पुढे गोष्टीला दारं उघडीच होती.

या वाटेवर जनावर बदलत गेलं. युरोपातल्या बहुतेक श्रोत्यांनी मुंगूस पाहिलेलंच नव्हतं. अरबीत त्याच्याच चणीचा मुंगसासारखा प्राणी, वीझल, आला आणि युरोपात पोचेपर्यंत त्याचा कुत्रा झाला. घर राखणारं जनावर म्हटल्यावर तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे कुत्राच येणार.

दुसरी वाट होती 'रोमचे सात शहाणे' या कथासंग्रहाची. राजपुत्राला देहदंड द्यायला निघालेल्या बादशहाला सात शहाणे एकेक गोष्ट सांगून थोपवतात. पूर्वेकडून आलेला हा संग्रह युरोपात विलक्षण लोकप्रिय होता. त्यातल्या एका गोष्टीत सरदार, पाळणा, साप आणि शिकारी कुत्रा आहेत. 'घाई करू नका' हे बादशहाला पटवायला याहून चांगली गोष्ट कुठली? या संग्रहाचं वेल्श भाषांतर 'हेर्गेस्टचं लाल पुस्तक' या प्रसिद्ध हस्तलिखितात आहे आणि ते हस्तलिखित इसवी सन १४०० च्या आगेमागे लिहिलेलं आहे. म्हणजे आपलं मुंगूस कुत्र्याच्या रूपात वेल्समध्ये सहाशे वर्षांपूर्वीच दाखल झालं होतं. पुढे वेल्श भाषेत 'आपला शिकारी कुत्रा मारणाऱ्या माणसासारखा पस्तावलो' अशा अर्थाची म्हणही रूढ झाली. त्या म्हणीत माणसाला नाव नाही, कुत्र्याला नाही आणि गावही नाही.

वाटेतला एक मुक्काम: कुत्र्याचा संत झाला

गोष्टीला ठिकाण मिळालं की काय होतं, याचा नमुना फ्रान्समध्ये दिसतो. तेराव्या शतकात एतिएन द बूर्बों हा धर्मगुरू ल्यों शहराजवळच्या खेड्यांत फिरत होता. बायका आपली आजारी बाळं 'संत गिनफोर'च्या रानात नेतात, असं त्याला कळलं. चौकशी केली, तर गिनफोर हा चक्क कुत्रा निघाला. सापापासून धन्याच्या बाळाला वाचवलेला आणि गैरसमजातून मारला गेलेला. धर्मगुरू संतापला. त्याने कुत्र्याचे अवशेष उकरून जाळायला लावले आणि तिथली झाडं तोडून टाकली. तरी बायकांचं जाणं थांबलं नाही. एकोणिसाव्या शतकातही त्या रानात नवस चालू असल्याच्या नोंदी आहेत.

दुसरा टप्पा: गोष्टीला गाव मिळतं

वेल्समध्ये हे घडायला अठरावं शतक संपत यावं लागलं. त्याआधी हे डोंगर म्हणजे ओबडधोबड, गैरसोयीचा मुलूख समजला जाई. पुढे रानटी निसर्ग बघायला जाण्याची हौस इंग्लंडात वाढली. त्यातच १७९३ पासून फ्रान्सशी युद्ध जुंपलं. इटली-स्वित्झर्लंडच्या सहलींवर जाणारे पैसेवाले घरच्या घरी डोंगर शोधू लागले आणि स्नोडनकडे वळले.

त्याच्या थोडं आधी, १७९१ मध्ये, कवी वर्ड्सवर्थ बेदगेलर्टहून रात्री स्नोडन चढायला निघाला. 'द प्रेल्यूड' या दीर्घकाव्यात त्याने ती चढण रंगवली आहे. त्यात गाव आहे, धुकं आहे, वाटाड्या मेंढपाळ आहे. मेंढपाळाचा कुत्राही आहे आणि तो एका साळूसारख्या काटेरी प्राण्यावर भुंकतो आहे. गेलर्टचा मात्र पत्ता नाही.

अशा वेळी डेव्हिड प्रिचर्ड नावाचा गृहस्थ दक्षिण वेल्समधून बेदगेलर्टला आला आणि नव्या गोट हॉटेलचा पहिला चालक झाला. हे हॉटेल 'रॉयल गोट' या नावाने आजही उभं आहे. डी. ई. जेंकिन्स यांनी १८९९ मध्ये गावाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. गावातल्या जुन्या आठवणींच्या आधारे त्यांनी नोंदवलं, की प्रिचर्डने कुत्र्याची गोष्ट आपल्याबरोबर आणली, गावाच्या नावाला जोडली आणि दोन-तीन साथीदारांच्या मदतीने कुरणात दगड उभा केला.

प्रिचर्डचं कसब नीट बघा. गोष्ट त्याने रचली नाही, ती मुलखात फिरतच होती. गावाचं नाव त्याने ठेवलं नाही, ते शतकानुशतकं होतं. त्याने निनावी गोष्ट आणि गोष्ट हरवलेलं नाव यांची गाठ मारली. म्हणीतल्या अनाम माणसाचा लेवेलिन झाला आणि कुत्र्याला गावाचंच नाव मिळालं. विरजण जुनंच होतं, दुधाची चरवी त्याने पुढे केली.

तिसरा टप्पा: दगड, कविता, गाणं

तोंडी गोष्टीला दगडाचा आधार मिळाला की शंका घेणारे गप्प होतात. थडगं समोर दिसत असताना 'हे खरं कशावरून?' असं कोण विचारणार? १८०० मध्ये विल्यम रॉबर्ट स्पेन्सर या इंग्रज कवीने गेलर्टवर कथाकाव्य लिहिलं. ते तुफान गाजलं. हायडनसारख्या संगीतकाराने बसवलेल्या वेल्श चालीवर ते गायलंही गेलं. कविता वाचलेला माणूस थडगं बघायला येई आणि थडगं बघितलेला माणूस कविता विकत घेई. हॉटेलात दोघांचीही सोय होती.

प्रिचर्ड १८२१ मध्ये वारला. नंतर गावात वावडी उठली, की त्याचं भूत रात्री हिंडतं आणि त्याने चुलीच्या दगडाखाली लपवलेल्या मोहरांचा ठावठिकाणा सांगू बघतं. दुसऱ्याची गोष्ट गावाला चिकटवणारा स्वतःच गावाची गोष्ट झाला.

गोष्टीचं मूळ पुढे अभ्यासकांनी शोधलं. १८५९ मध्ये जर्मन पंडित थिओडोर बेनफाय याने पंचतंत्राचा अनुवाद केला आणि त्यातल्या कथांचा पश्चिमेकडचा माग काढला. १८९२ मध्ये जोसेफ जेकब्ज याने केल्टिक परीकथांच्या संग्रहात गेलर्टची कथा घेतली आणि टिपणांमध्ये तिचं भारतीय मूळ मांडलं.

त्याच खोऱ्यातली खरोखर जुनी कथा

बेदगेलर्टला जुन्या कथेची वाण होती असंही नाही. गावाच्या ईशान्येला दीड-दोन किलोमीटरवर दिनास एमरिस नावाची टेकडी आहे. कथेनुसार ब्रिटन लोकांचा राजा वॉर्टिगर्न तिथे किल्ला बांधू लागला, पण दिवसा रचलेलं रात्री कोसळे. एका मुलाने सांगितलं, की खाली तळ्यात लाल आणि पांढरा असे दोन सर्पासुर, म्हणजे ड्रॅगन, झुंजताहेत. लाल म्हणजे ब्रिटन लोक, पांढरा म्हणजे सॅक्सन आक्रमक, आणि शेवटी लाल जिंकेल. वेल्सच्या झेंड्यावर आज दिसतो तो लाल ड्रॅगन या परंपरेतला. झेंड्याला १९५९ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

ही कथा नवव्या शतकातल्या 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या ग्रंथात आहे. ११८८ च्या आपल्या वेल्सप्रवासाच्या वर्णनात जेराल्ड ऑफ वेल्सने दिनास एमरिसचा नावानिशी उल्लेख केला आहे. १९५० च्या दशकात टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा तटबंदीचे आणि पाण्याच्या टाक्याचे अवशेष मिळाले. ड्रॅगन अर्थातच खरे नव्हेत. पण या ठिकाणी ही कथा किमान आठशे वर्षं सांगितली जाते आहे, एवढं नक्की. गेलर्टच्या थडग्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

गाव जगलं कशावर?

थडग्याने पाहुणे आणले, पण गावाची चूल बराच काळ मेंढ्या आणि खाणींवर पेटत होती. ज्वालामुखींच्या काळात खडकांच्या भेगांतून गरम पाणी फिरलं आणि तांब्याचं खनिज साचलं. गावाजवळची सिगनची तांब्याची खाण एकोणिसाव्या शतकात चालली आणि १९०३ मध्ये बंद पडली. १९८६ मध्ये ती पुन्हा उघडली, ती पर्यटकांसाठी. रेल्वेचंही तसंच. अरुंद रुळांची वेल्श हायलँड रेल्वे १९२३ मध्ये गावातून धावू लागली, पण १९३० च्या दशकातच डबघाईला येऊन थांबली. पुढे हौशी मंडळींच्या श्रमातून ती पुन्हा उभी राहिली. २००९ मध्ये बेदगेलर्टला गाडी आली आणि २०११ मध्ये ती समुद्राकाठच्या पोर्थमाडोगपर्यंत पोचली. तांबं देणारा डोंगर आणि माल वाहणारी गाडी, दोघांनीही शेवटी प्रिचर्डचाच धंदा पत्करला.

चौकट: थोडक्यात

• गाव: बेदगेलर्ट, वायव्य वेल्स. ग्लासलिन-कोलविन संगमावर, एरारी राष्ट्रीय उद्यानात.
• नाव: बहुधा केलर्ट नावाच्या विसरल्या गेलेल्या साधुपुरुषावरून.
• राजा लेवेलिन: ऐतिहासिक, मृत्यू १२४०.
• कथा: मूळ भारतीय. पहलवी, अरबी, हिब्रू, लॅटिन असा प्रवास. वेल्श हस्तलिखितात १४०० च्या सुमारास.
• थडगं: १८०० च्या आगेमागे हॉटेलचालक डेव्हिड प्रिचर्ड आणि साथीदारांनी उभारलेलं.

ऐकणाऱ्याने काय करावं?

प्रिचर्डला लबाड म्हणून मोकळं होता येईल, पण तो फार एकटा नव्हता. प्रत्येक प्रवासी मुलखात स्थळांना कथा चिकटतात आणि त्या चिकटवण्यात कुणाचातरी फायदा असतो. म्हणून अशी स्थळकथा कानावर आली की तीन प्रश्न जरूर विचारावेत. तिचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कोणत्या सालचा? त्या उल्लेखात हेच गाव आणि हीच माणसं आहेत का? समोरचा दगड कुणी आणि केव्हा बसवला? उत्तरं मिळाली नाहीत, तरी गोष्ट सांगणं थांबवायचं कारण नाही. मुलांना ती खुशाल सांगा, फक्त तिला इतिहास म्हणू नका.